पाव्हना एकटा कसा जाईल?

“थांबा, मी येतो,” असं म्हणायच्या आधीच आमच्या शेजारच्या चाचांचे पाय चपलांत गेलेले असायचे.

चाचा नेवाशातल्या आमच्या गल्लीचे शिंपी. ओट्यावर मशीन, गळ्यात टेप. गल्लीतल्या कुणाचाही पाहुणा पिशवी घेऊन बाहेर पडला की मशीन थांबायचं. पाहुण्याला मोटार स्टँडवर पोचवायचं, मोटार हलेपर्यंत उभं राहायचं आणि मगच परतायचं. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांनी तर मुळीच नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चालत म्हणजे, आधी क्लीनर भट्टी पेटवी, मग उतारू खाली उतरून ढकलत, आणि मग तिच्या मनात आलं तर चालत. चाचाही ढकलायला लागत. काळे हात धुऊन पुन्हा मशीनवर बसावं, तर दुसऱ्या घरचा पाहुणा उंबऱ्याबाहेर! आमच्या घरच्या एका चोळीला पहिली बाही पाडव्याला लागली, दुसरी आषाढात.

मी हिशेबी माणूस. या येरझाऱ्यांत किती शिवण बुडते, ते मी त्यांना एकदा नीट मांडून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हिशेब बरोबर हाय, भाऊसाहेब. पन पाव्हना एकटा कसा जाईल?”

“पाय दुखले की तेल मी चोळायचं,” आतून चाची म्हणाल्या. “तवा येतो का एक तरी पाव्हना?”

एकदाच त्यांना तोडीस तोड माणूस भेटला. नगरचा होता. मोटार निघणार नाही असं कळल्यावर तो म्हणाला, “तुम्ही एवढे आलात, आता मी तुम्हाला घरी सोडतो.” घरी आल्यावर चाचा म्हणाले, “आता तुमी एकटे कसे जाल?” दोघं पुन्हा निघाले. अशा किती फेऱ्या झाल्या देव जाणे. शेवटी तो गृहस्थ चाचांकडेच जेवला.

त्यांची एकुलती एक मुलगी सोनईला दिलेली. ईदेला माहेरी आली. परत न्यायला सासरचा छकडा आला, तेव्हा चाचा कुणाच्या तरी मेहुण्याला घेऊन स्टँडवर, आणि मोटार काही पेटेना. मुलगी ओट्यावर वाट पाहत बसली.

“ताई, उन्हं कलली,” गाडीवान म्हणाला. “आता निघाया पायजे.”

ती उठली. जाताना मला म्हणाली, “काका, अब्बांना सांगा, मी बी पाव्हनीच हुते.”

चाचा परतल्यावर मी निरोप जसाच्या तसा दिला. शब्द गाळायची मला सवय नाही. त्यांनी तो उभ्यानंच ऐकला. त्या दिवशी ओट्यावरून मशीनचा आवाज आला नाही.

पुढच्या खेपेला मुलगी आली. निघायच्या दिवशी छकडा दारात उभा राहिला, ती चढून बसली, चाचींनी शिदोरी वर दिली. नेमका तेव्हाच समोरच्या शाळामास्तरांचा साडू पिशवी घेऊन बाहेर आला.

“चाचा, निघतो बरं का!”

तुमच्यापैकी कुणी तिथं असतं, तर आमच्यासारखंच हातातलं काम टाकून बघत राहिलं असतं. चाचा सवयीनं दोन पावलं त्याच्याकडे गेले. मुलगी बैलांकडे बघत राहिली.

चाचा थांबले. घसा खाकरून म्हणाले, “सावकाश जा, पाव्हनं. रस्ता सरळ हाय.”

आणि छकड्यात चढले.

“कुठवर चाललात?” चाचींनी विचारलं.

“सोनईला.”

“आन् परत?”

“बघू. घाई काय हाय?”

साडूला काहीच वाटलं नाही. पिशवी खांद्यावर टाकून, शीळ घालत तो स्टँडकडे निघाला.

चाचा वारले त्यालाही आता बराच काळ लोटला. मला ते दिसतात ते त्या छकड्यात. छकडा वळणावर आला तशी त्यांनी मान मागं वळवली, साडूबरोबर कुणी गेलं का ते पाहायला. मुलीनं त्यांची हनुवटी धरली आणि तोंड पुढं केलं.