दचकली / नाही दचकली

आमच्याकडे नापास झालेली साउंड कार्डं फेकत नाहीत. एका खोक्यात टाकतात आणि प्रत्येकावर कारणाची चिठ्ठी चिकटवतात. त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात, कुणाला लक्षात ठेवावे लागत नाहीत. मी रुजू झाले तेव्हा चिठ्ठ्यांवर ‘रेझिस्टर चुकीचा’, ‘टाका सुटला’ असलं काहीतरी असायचं. आता निम्म्या चिठ्ठ्यांवर माझं नाव आहे.

पिरंगुटला एका शेडच्या माळ्यावर आम्ही चौघं कॉम्प्युटरसाठी साउंड कार्डं बनवतो. देवधर सर मालक. संतोषदादा टेस्टिंगला, ते माणचे, शेतात खोल्या बांधून आयटीवाल्यांना भाड्याने दिल्यात, घरी बसून कंटाळा येतो म्हणून नोकरी करतात. सुमनताई सोल्डरिंगला, पौडच्या वरच्या वाडीवरून येतात. आणि मी चैत्राली, इंजिनियर, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. माझ्याकडे कार्डाचं तोंड आहे. आत येणारा आवाज बारीक असला तर तो वाढवायचा, म्हणजे गेन. अंगावर येणारा असला तर दाबायचा, म्हणजे अटेन्युएशन.

हे काम नेमकं मला मिळालं. मी कुकरच्या शिट्टीला दचकते. शिट्टी होणार हे माहीत असतानासुद्धा!

*

माझं पहिलं डिझाइन अटेन्युएशनच्या नॉबचं. उजवीकडे फिरवला की आकडा वाढायचा आणि आवाज कमी व्हायचा. कागदावर ते बरोबर होतं. सर म्हणाले, लोक उजवीकडे फिरवतील, आवाज जाईल, आणि कार्ड मेलं म्हणून आपल्याला फोन करतील. मला रडू यायच्या बेतात होतं.

संतोषदादा माझ्या बाजूने बोलले. “उजवीकडं फिरवलं की बंद. नळ तसाच असतोय की, सर.”

“हा नळ नाहीये, संतोष.”

दादांनी हेडफोन कानाला लावला. नॉब पूर्ण बंद होता, तरी आतून गाणं बारीक ऐकू येत होतं.

“मग गळतोय कशाला?”

*

नंतर कॉलर माइकची टेस्ट. गेन पूर्ण वाढवला की हेडफोनमध्ये एक आवाज यायचा. ढप, ढप, ढप. मी दोन दिवस कपॅसिटर बदलले. शेजारच्या शेडमधल्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर संशय घेतला. प्रेस जेवणाच्या सुट्टीत बंद झाली, ढप ढप चालूच.

शेवटी रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं: ‘कारण अज्ञात. सर जवळ आले की वाढतो.’

सरांनी हे गंभीरपणे घेतलं. आधी मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला. मग घड्याळ काढलं. मग स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. आवाज खरंच कमी झाला. सर दोन पावलं पुढे आले. वाढला.

संतोषदादांनी माझ्या ओढणीखाली कुर्त्याला लावलेला माइक काढायला सांगितला, आपल्या शर्टाला लावला आणि हेडफोन माझ्याकडे दिला.

“बघा. माझा हळू चालतोय. वय झालं.”

*

खरी पंचाईत झाली ती टप्प्यांची. गेनचे बारा टप्पे. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना आत उरलेली थोडी वीज सुटते आणि कानात ‘टप्’ होतं. मीटरप्रमाणे ते ‘टप्’ मर्यादेत होतं. मी मात्र दर वेळी खुर्चीतून उडत होते.

सर म्हणाले, मीटरवर तर काही दिसत नाही.

सुमनताईंनी सोल्डरिंगवरून मान वर केली नाही. “मीटरला भ्या वाटत न्हाई, सर.”

दुसऱ्या दिवशी टेस्टच्या तक्त्यात नवा रकाना आला: ‘दचकली / नाही दचकली’. तेव्हापासून खोक्यात ‘चैत्राली, तिसरा टप्पा’, ‘चैत्राली, नववा टप्पा, चहा सांडला’ अशा चिठ्ठ्या पडायला लागल्या.

*

सरांचं एक तत्त्व आहे. कुठलंही यंत्र वापरण्याआधी कॅलिब्रेट करायचं, म्हणजे ते नीट चालतंय का तपासायचं.

म्हणून रोज सकाळी, मी बेसावध असताना, सुमनताई माझ्या मागे स्टीलचं ताट टाकायच्या. मी दचकले की तक्त्याच्या पहिल्या ओळीत सर टिक करायचे: ‘यंत्र चालू.’ मग दिवसाचं काम सुरू.

आईला मी सांगितलं होतं की डिझाइन करते. तिने विचारलं, दिवसभर डिझाइनच? म्हटलं, टेस्टिंगला पण मदत करते.

*

प्रोबेशन संपायच्या दिवशीच महाळुंग्याचं गिऱ्हाईक येणार होतं. ते नव्या टॉवरांमध्ये ऑनलाइन शिकवणीसाठी रेकॉर्डिंगच्या खोल्या बसवून देतात. सरांनी आदल्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं: बारा टप्पे बिनआवाज पार पडले तर तुम्ही कायम, नाहीतर बघू. सरांचं ‘बघू’ म्हणजे काय ते आम्हा तिघांना माहीत आहे. मी सर्किट परत काढलं. उरलेली वीज आधी हळूच जिरवायची, मगच टप्पा बदलायचा.

गिऱ्हाईक बसलं. मी हेडफोन घातला. दादांनी नॉब फिरवायला सुरुवात केली. मीटरकडे कुणीच बघत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. एक, दोन, तीन... बारा.

मी दचकले नाही.

मी हेडफोन गळ्यात उतरवला. सरांनी पेन उचललं आणि थांबले. तक्त्याची पहिली ओळ कोरी होती. पाहुण्यांच्या गडबडीत सकाळचं ताट राहून गेलं होतं.

“सुमनताई,” सर म्हणाले.

ताट पडलं. गिऱ्हाईक अर्धं उठलं. संतोषदादांचा चहा सांडला. सरांनी छातीवर हात ठेवला. मी बसून होते. दोन महिने ऐकून ऐकून सुमनताईंच्या चपलेचा आवाज मला पाठ झाला होता. ताट सुटायच्या आधीच मला कळलं. त्यांनी पुन्हा टाकलं. काही नाही.

गिऱ्हाइकाने फार नम्रपणे विचारलं, “म्हणजे कार्ड चांगलं आहे, की मॅडम बिघडल्यात?”

सर उठले. विचार करत खिडकीपर्यंत गेले. परत येताना कधी माझ्या मागे आले ते कळलंच नाही. कानाशी, अगदी हळू आवाजात म्हणाले,

“चैत्राली, तुम्ही कायम.”

मी अशी उडाले की खुर्ची आडवी झाली आणि हेडफोन गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाऊन पडला.

सर शांतपणे जागेवर जाऊन बसले. पहिल्या ओळीत टिक केली. तक्ता गिऱ्हाइकापुढे सरकवला.

“यंत्र चालू आहे. कार्ड पास.”