ताई, कावळा आणि माझा साबुदाणा

बसा, चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत माझ्या या तोंडाची गोष्ट ऐका. डोळ्यांखाली हे तपकिरी डाग दिसतात ना? मारामारी केलेली नाही, गाडीवरून पडलेलो नाही. मी एका कावळ्याला शब्द दिला होता, त्याची ही खूण आहे. हसा, हरकत नाही. आमच्या घरात हल्ली कुणी हसत नाही, तेवढाच आवाज होईल.

तर माझ्या दोन्ही डोळ्यांखाली बरीच वर्षं पांढरे दाणे होते. बाजरीएवढे, कडक. पुटकुळी असती तर पिकून फुटून गेली असती. हे पिकत नाहीत, दुखत नाहीत आणि जातही नाहीत. साबणाने घासा, दगडाने घासा, ते आपले जागच्या जागी.

ताई त्याला साबुदाणा म्हणायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मनवेलपाड्यात आमच्याच बिल्डिंगखालच्या गाळ्यात तिचं पार्लर. बाबा गेल्यावर घर तिनेच ओढलं. कुणी लग्नाचा विषय काढला की म्हणायची, आधी या बाळ्याच्या तोंडावरचा साबुदाणा काढते, त्याला उजवते, मग माझं बघू. एकादशीला मला मुद्दाम विचारायची, "बाळ्या, तोंड धुतलंस का? थांब, पाणी फेकू नकोस, खिचडी करते."

असले दाणे काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारीक सुईने वरची कातडी जराशी उघडायची की दाणा अलगद बाहेर. नालासोपाऱ्याहून बायका यायच्या. आणि घरातला भाऊ तसाच फिरतोय! ती किती मागे लागायची. थोडा वेळ बस रे माझ्यासमोर, कळणारसुद्धा नाही तुला.

मी बसलो नाही. सुई म्हटली की माझे पाय मला न विचारता चालू लागतात. शाळेत टोचायला आले होते तेव्हा मी संडासामागच्या भिंतीवरून उडी मारली. मग त्या भिंतीची सवयच लागली. शेवटी शाळेने माझा नाद सोडला आणि मी शाळेचा. आता गोखिवऱ्याला एका गाळ्यात प्लास्टिकची झाकणं बनवतात, तिथे मशीनवर असतो. म्हणजे बघा, आमचं शिक्षणसुद्धा सुईपायी गेलं.

एकदा ताईने केस कापते सांगून मला खुर्चीत बसवलं. गळ्याभोवती चादर बांधली. मी डोळे मिटून निवांत. तर गालावर एकदम थंडगार ओला कापूस फिरला. सुई लावायच्या आधी ती असा कापूस फिरवते, हे मला माहीत होतं. मी जो उठलो, तो गळ्यात चादर तशीच घेऊन थेट रिक्षा स्टँडपर्यंत. मागून ताई ओरडत होती, अरे चादर तरी दे! रिक्षावाले अजून मला बॅटमॅन म्हणतात.

ही ताई गेली. साधा ताप वाटला होता. सकाळी म्हणाली, जरा पडते, नयनाला दुकान उघडायला सांग. दुकानाचं शटर त्यानंतर बरेच दिवस वर गेलंच नाही.

आणि मी रडलो नाही. का, ते मला विचारू नका. स्मशानात नाही, घरी आल्यावर नाही, तिची चप्पल दाराशी दिसली तेव्हाही नाही. आई एकदा माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला काहीच होत नाही का रे? तिने तुला अंगाखांद्यावर वाढवलं." माझ्या छातीत कुणीतरी सिमेंट ओतल्यासारखं झालं होतं. पण सिमेंट बाहेरून दिसत नाही ना.

ताईचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून दहाव्याला सगळं मीच केलं. डोकं भादरलं. केस गेल्यावर तोंड केवढं मोठं दिसतं! आणि त्यावर साबुदाणा, जणू आत्ताच पेरलाय.

तळ्याकाठी पिंड ठेवले. कावळे होते, चांगले पाचपन्नास होते. समोरच्या झाडावर बसून सगळे आमच्याकडे बघत होते, पण एक खाली येईल तर शपथ. आता तुम्हाला माहीत आहे, पिंडाला कावळा शिवला नाही की काय समजतात. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो आणि शब्द देतो. आईने जोडले. म्हणाली, बाळूचं लग्न मी करून देईन, तू काळजी करू नकोस. कावळा ढिम्म. नयनाताई पुढे झाली. ती ताईची पार्लरमधली भागीदार, मैत्रीणही. तिने सांगितलं, दुकान बंद पडू देणार नाही. एका कावळ्याने मान वाकडी केली, बस. भटजींना पुढच्या घरी जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

शेवटी मोठे मामा उठले. मामांचा आवाज म्हणजे माईकची गरज नाही. "पोरी, तुझ्या आईला मी अंतर देणार नाही," असं म्हणाले आणि झाडाकडे बघत उभे राहिले.

मी मामांच्या मागे होतो. दर्भाचा कावळा मला नको होता हो. ताईचं सगळं खोटं, बनवलेलं, असं कसं चालेल? मला एकदम काय वाटलं कोण जाणे, मी ओठांतल्या ओठांत म्हणालो, ताई, साबुदाणा काढतो. तेराव्याच्या आत काढतो. आता खाली ये.

आणि आला! सरळ खाली आला आणि भातात चोच घातली.

सगळ्यांनी हात जोडले. मामांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "माझं ऐकलं पोरीने." परत येताना रिक्षात, मग जिन्यात, मग वरती पाणी पिताना, मामा तेच सांगत होते. आता मी तिथे कसं सांगू, की मामा, तुमचं नाही, माझ्या तोंडाचं ऐकलं?

पण शब्द गेला होता. तोही तेराव्याच्या आत! तेरावं मी कशाला घातलं त्यात? महिना म्हणायचं, वर्षश्राद्ध म्हणायचं. माझं हे असंच, तोंड आधी आणि डोकं मागून.

नयनाताईकडे जायचं म्हणजे सुई आली. म्हणून घरीच करायचं ठरवलं. मोबाईलवर शोधलं तर एक बाई हसत हसत सांगत होती, लसूण ठेचून लावा, थोडा वेळ ठेवा, लगेच धुवा, दाणा गळून पडेल. मी विचार केला, थोडा वेळ हे साध्या दाण्यांसाठी असेल. माझे जुने आहेत, मुरलेले आहेत. तेराव्याच्या आदल्या दुपारी मी बाजारातून लसणाचा अख्खा गड्डा आणला, मोरीत बसून बत्त्याने ठेचला, दोन्ही डोळ्यांखाली थापला, वरून चिकटपट्टी मारली आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

चरचरलं. मी म्हटलं, काम चालू आहे.

आमच्या घरात दुखवट्यात कांदा-लसूण नसतो. बाहेर आई कुणालातरी सांगत होती, शेजारी बघा, आज लसणाची चटणी वाटतायत, आमचं तेरावं होईपर्यंत तरी थांबायचं. मी पांघरूण डोक्यावर घेतलं. आणि ताई गेल्यापासून जिचा पत्ता नव्हता ती झोप नेमकी तेव्हा आली. गाढ.

उठलो तेव्हा डोळे उघडेनात. पट्टी काढली, तर पट्टीबरोबर कातडीही आली. दाणे मात्र होते तिथेच. उलट चारी बाजूंनी सूज आल्यामुळे ते जास्तच उठून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तेराव्याला माणसं जमली आणि मी समोर आलो. डोळ्यांच्या फटी झालेल्या, खालची कातडी सोललेली, पाणी अखंड वाहतंय. मग मामा उठले, मला छातीशी धरलं आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा. याला दगड म्हणत होतात ना? रडून रडून पोराने कातडी सोलली."

मी सांगायला तोंड उघडलं. मामांनी ते पुन्हा छातीशी दाबलं.

मग काय, रांगच लागली. जो येईल तो माझ्या पाठीवरून हात फिरवतोय. शेजारच्या काकू, ज्यांच्यावर चटणीचा आळ आला होता, त्या मला जवळ घेऊन रडल्या. कुणी म्हणालं, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. लसणाचं पाणी गळतच होतं. पुसलं की जास्त झोंबायचं आणि जास्त गळायचं, मग लोक आणखी कळवळायचे.

आणि मग आई आली. माझं डोकं मांडीवर घेतलं, पदराने गाल टिपले आणि हळूच म्हणाली, "मी बोलले ते मनात ठेवू नकोस रे. मला काय माहीत, तू आतल्या आत एवढा…"

खरं सांगतो, तिथून मला उठावंसंच वाटलं नाही. केवढी लाज वाटत होती. ती मांडी मी लसणावर मिळवली होती. पण मिळाली होती.

तेवढ्यात नयनाताई वाकली, माझ्या तोंडाशी नाक आणलं आणि एकदाच हुंगलं. ताईच्या जोडीने एवढी वर्षं काढलेली बाई ती. हाताला धरून मला गॅलरीत घेऊन गेली.

"किती वेळ ठेवलास?"

"झोप लागली."

तिने कपाळावर हात मारला. मग मी तिला सगळं सांगितलं. तळं, मामा, कावळा, तेरावं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. मग म्हणाली, सुजलेल्या जागेवर सुई लावत नाहीत, तुझी ताई येऊन मला उलटी टांगेल. मी म्हटलं, मग तिला दिलेल्या शब्दाचं काय? आज तेरावं आहे. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कानाच्या बाजूला एक दाणा होता, तिथवर लसूण पोचला नव्हता.

"हा एक काढू," ती म्हणाली. "बोहनी म्हण. बाकीचे सूज उतरल्यावर. तिला चालेल."

आम्ही खाली गेलो. शटर गंजल्यासारखं अडलं, दोघांनी मिळून वर ढकललं. त्या आवाजाने वरची माणसं जिन्यात आली. आई, मामा, काकू, सगळे. आत तोच वास. आरशाच्या कोपऱ्यात ताईने काढून चिकटवलेल्या टिकल्या, ओळीने. मी तिच्या खुर्चीत बसलो. नयनाताईने गळ्याभोवती चादर बांधली. तीच चादर. मी खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटले. या वेळी पळणार नव्हतो.

आणि मी रडलो. असा रडलो, की खुर्ची हलायला लागली. तोंडातून आवाज कसला निघत होता मलाच कळेना. ताई, ताई, एवढंच. सगळं सिमेंट फुटून बाहेर आलं आणि थांबेचना.

दारातून मामांचा आवाज आला, "अरे, एवढ्याशा सुईला?" कुणीतरी हसलं. आईसुद्धा हसली. ताई गेल्यावर पहिल्यांदा. "लहानपणापासून असाच आहे हा," ती डोळे पुसत म्हणाली. "टोचलं की बहिणीच्या नावाने गळा काढतो."

नयनाताई माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "दाणा खोल होता हो, दुखणारच."

दाणा त्याच दिवशी निघाला. पण आता सगळ्या मनवेलपाड्यात हेच माहीत आहे. बहिणीसाठी घरात बसून गुपचूप कातडी सोलेपर्यंत रडणारा तो मीच, आणि दुकानात चारचौघांत सुईला घाबरून भोकाड पसरणारा तोही मीच. मामा तर कुठेही बसले की दोन्ही गोष्टी सांगतात. मी मान डोलावतो. गाळ्यात मशीनवरची पोरं मला टाचणी दाखवून पळतात. पळू देत.

घ्या, चहा घ्या, गार होईल. तुम्ही आपले म्हणून सांगतो, पुढे बोलू नका. सुई तेव्हा अजून नयनाताईच्या डबीतच होती. तिने नुसता ओला कापूस फिरवला होता.