खंडेनवमीला निजलेला सर्व्हर

अमीन मिस्त्रीला कुणी भित्रा म्हटलं नसतं. बाप विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचा, त्यामुळे पंधराव्या वर्षीच दोराला धरून विहिरीत उतरणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. धुळ्याच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळायला लागल्यावर एकदा केबलच्या नळीतून धामण निघाली, तीही त्यानं शेपटीला धरून कंपाउंडबाहेर नेऊन सोडली. पण बेचाळिसाव्या वर्षी एक बटण असं निघालं, की ते दाबायला त्याचा हात पुढे होईना.

ते बटण सर्व्हर बंद करायचं होतं. रक्तपेढी एका ट्रस्टची. मुख्य जागा धुळ्यात, शाखा जळगावात. कुठली पिशवी कुठल्या फ्रिजमध्ये, कुणासाठी राखलेली, कुठला रक्तदाता कुठल्या गटाचा, हे सगळं धुळ्याच्या मागच्या खोलीतल्या त्या एका यंत्रात. तीन वर्षांपूर्वी गच्चीवरची टाकी भरून वाहिली, पाणी भिंतीतून उतरलं आणि तेव्हाचा सर्व्हर भिजला. त्याची रोजची नक्कल एका डिस्कवर होती, आणि ती डिस्क अमीननं फार जपून त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती. दोघं सोबतच बुडाले. चार महिने सगळे जुन्या कार्डांवरून नावं पुन्हा भरत बसले. त्या चार महिन्यांत अमीनशी कुणी एका शब्दानं भांडलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

म्हणून त्यानं क्लाउडमध्ये दुसरं यंत्र उभं केलं. उभं कसलं, निजवलंच. मुंबईकडच्या कुठल्याशा इमारतीत ते पडून होतं. इथली प्रत्येक नोंद दर पाच मिनिटांनी तिकडे जात होती. इथला सर्व्हर पंधरा मिनिटं मुका झाला, की तिकडचा आपोआप उठणार आणि त्याच्याच नावानं काम करू लागणार, अशी व्यवस्था. जळगावचे कॉम्प्युटर नावानं हाक मारतात. ओ कोण देतो ते बघायला जात नाहीत. इथल्याचं नाव अमीननं ठेवलं थोरला, तिकडच्याचं धाकटा.

पण धाकटा खरंच उठतो का, हे बघायचं तर आधी थोरल्याला बंद करायला हवं. ते आठ महिने झालं नव्हतं. सोमवारी शिबिर असायचं, मंगळवारी थॅलेसेमियाची मुलं यायची, बुधवारी डॉक्टर रजेवर. एका शनिवारी काहीच नव्हतं, तर अमीनचं पोट दुखलं. घरी अकबरी, त्याची बायको, म्हणायची की ज्याला कधी हाक मारून पाहिली नाही, तो अडीअडचणीला धावून येईल असं कशावरून धरून चालता. अमीन त्यावर जेवणाकडे लक्ष द्यायचा.

ट्रस्टचे अध्यक्ष जितेंद्रभाऊ शिरपूरचे, कापसाचं जिनिंग चालवणारे. त्यांची तक्रार वेगळीच होती. "अमीनभाई, आमच्या जिनमधला जनरेटर लाइट गेली की असा धडधडतो, की शेजारचं गाव जागं होतं. तुमचा हा आठ महिन्यांत हूं की चूं बोललेला नाही. दसऱ्यापर्यंत चालवून दाखवा, नाहीतर त्याला निरोपाचा नारळ देऊ."

अमीन हो म्हणाला, आणि त्या दिवसापासून परीक्षेकडे पाहावं तसा दसऱ्याकडे पाहू लागला. मनातलं बोलायला एकच माणूस होता, पेढीचे शिपाई लोटन आबा. सोनगीरचे, तीस वर्षांच्या नोकरीचे. दुपारच्या चहाला अमीन त्यांना धाकट्याचं सगळं समजावून सांगायचा. सांगताना त्याच्या आवाजात जी खात्री असायची, ती त्याच्या पोटात नसायची. आबा बशीतला चहा फुंकत ऐकायचे, मान हलवायचे.

खंडेनवमीच्या दिवशी अमीन नवा प्रिंटर बसवायला जळगावच्या शाखेत गेला होता. शाखेच्या मुख्य तंत्रज्ञ प्रमिलाबाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, की दहाच्या सुमाराला पाव तास स्क्रीन अडकला होता, आता मात्र एरवीपेक्षा जोरात पळतोय. अमीननं वाकून स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं लिहिलं होतं, धाकटा.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला विचारही पाण्याचाच आला. त्यानं धुळ्याला आबांना फोन लावला.

"आबा, टाकी वाहतेय का?"

"नही भाऊ. का बरं?"

"सर्व्हर बंद दिसतोय."

"बंद नही. पूजाले बसाडेल शे."

दरवर्षी अमीन चालत्या सर्व्हरलाच हार घालू द्यायचा. आबांना ते कधी पटलं नव्हतं. खंडेनवमीला हत्याराला विसावा द्यायचा असतो. चालत्या यंत्राला हळदकुंकू लावणं म्हणजे जेवत्या माणसाला आंघोळ घालणं, असं त्यांचं मत. यंदा त्यांनी रीतीनं केलं होतं. बंद करून, पुसून, पाटावर मांडून.

"आणि मला विचारायचं नाही, आबा?"

"काय इचारानं? तुम्हीच सांगेल शे ना, थोरला निजना ते धाकला उठस."

 आठ महिन्यांत अमीनच्या बोलण्यावर पुरता विश्वास ठेवणारा एक माणूस निघाला होता, आणि तो माणूस अमीन नव्हता.

मग दुसरी भीती उभी राहिली. आता कुणी थोरल्याला चालू केलं, तर सकाळपासून काय झालं याचा त्याला पत्ता नसणार. दोघंही एकाच नावाला ओ देणार. जळगावात दिलेली पिशवी थोरल्याच्या लेखी अजून फ्रिजमध्येच असणार, आणि तो ती दुसऱ्या रुग्णाला कबूल करून बसणार. अमीननं आबांना बजावलं, की काही झालं तरी यंत्र चालू करू नका. आबांना रागच आला. दसऱ्याआधी पूजेतल्या हत्याराला हात लावायला आपण काय बिनरीतीचे आहोत का, असं त्यांनी ऐकवलं. आणि जाता जाता सांगितलं, की तीन वाजता अध्यक्ष दर्शनाला येणार आहेत.

जितेंद्रभाऊ म्हणजे बंद बटण दिसलं की ते चालू करणारा माणूस. अमीननं प्रिंटर तसाच खोक्यात ठेवला आणि धुळ्याची एसटी पकडली. एरंडोलला कंडक्टर चहाला उतरला, तो टपरीवाल्यानं कप विसळून ठेवेपर्यंत परत आला नाही. अमीन खिडकीशी बसून फोनवर धाकट्याच्या नोंदी बघत राहिला. एक पिशवी गेली. दोन आल्या. कुठल्यातरी न पाहिलेल्या इमारतीत कुणीतरी न बोलता आपलं काम करत होतं.

तो पोचला तेव्हा साडेतीन झाले होते. मागच्या खोलीत इतकी शांतता होती, की आपण इतकी वर्षं त्या पंख्याच्या घरघरीत जगलो हे त्याला तेव्हा कळलं. थोरला पाटावर बसला होता, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. दारात लोटन आबा स्टूल आडवं टाकून बसलेले. स्टुलापलीकडे जितेंद्रभाऊ, अनवाणी.

"तुमचा हा माणूस मला आत सोडत नाही," भाऊ म्हणाले. "पेढी बंद ठेवून पूजा करता का?"

"पेढी चालू आहे, भाऊ. सकाळी दहापासून धाकटा चालवतोय."

भाऊंनी स्वतः जळगावला फोन लावला. समोर पाच माणसं उभी आहेत आणि काय बंद आहे म्हणून विचारताय, असं प्रमिलाबाईंनी अध्यक्षांना सुनावलं. भाऊंनी फोन ठेवला. ते जरा हिरमुसलेच.

"आवाज नाही, काही नाही."

"आवाज झाला असता, तर तो पेशंटच्या नातेवाइकांचा झाला असता," अमीन म्हणाला.

भाऊंनी दारातूनच थोरल्याला हात जोडले. मग म्हणाले, राहू द्या धाकट्याला. पण ही परीक्षा आबांनी घेतली, तुम्ही नाही. यापुढे दर महिन्याला एकदा घ्यायची, तारीख तुम्हीच सांगा. अमीन कॅलेंडर शोधू लागला, तेवढ्यात आबा म्हणाले, "आमना गावमा आमावसले बैल जुपतस नही." आणि दर अमावस्येला थोरल्याला विसावा, असं ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी अमीननं आदल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी धाकट्याकडून थोरल्यात भरल्या, एकेक पिशवी ताडून पाहिली, मगच थोरल्याला त्याचं नाव परत दिलं. एकही पिशवी हरवली नव्हती.

पुढची अमावस्या दिवाळीतली. आबा लक्ष्मीपूजनाला सोनगीरला गेलेले. सणाची ड्युटी दरवर्षीसारखी अमीनकडे. सकाळी अकराला तो मागच्या खोलीत शिरला. आज शिबिर नव्हतं, डॉक्टर हजर होते, पोटही दुखत नव्हतं. त्यानं एकदा दरवाजाकडे पाहिलं. तिथं कुणी स्टूल टाकून बसलेलं नव्हतं. त्यानं थोरल्याला बंद केलं.

पंखा मंद होत थांबला. अमीननं दोन कप विसळले, ते परत विसळले. चौदाव्या मिनिटाला जळगावहून फोन आला. स्क्रीन अडकलाय, प्रमिलाबाई म्हणाल्या.

"एक मिनिट, अक्का. फोन ठेवू नका."

पलीकडे त्या कुणाला तरी बसायला सांगत होत्या. कीबोर्डवर बोट आपटत होत्या. मग बोट थांबलं.

"हं, आलं," त्या म्हणाल्या, आणि श्वासही न घेता पुढे, की बी निगेटिव्हच्या धुळ्यात दोन दिसतायत, त्यातली एक दुपारच्या गाडीनं पाठवा, बाळंतीण आहे.

अमीन फोन कानाला लावूनच फ्रिजपाशी गेला. बी निगेटिव्हच्या पिशव्या मोजून दोन होत्या.