दिव्याचा प्लग

शनिवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात पुस्तकांची टायपिंगची आणि पानं लावायची कामं होतात. मालकीणबाई, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या एक सहकारी, एवढाच कारभार. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला आणि तेव्हापासून ऑफिसची इंजिनियर झाले. पगार तोच.

एक ते चार ऑफिस बंद. कॉम्प्युटर मात्र चालूच ठेवतो, कारण जाडजूड पुस्तकाची शब्दसूची तयार व्हायला तास-दीड तास लागतो, तो जेवणाच्या सुट्टीत उरकतो. पूर्वी लाइट गुरुवारी जायची, सांगूनसवरून. आता रस्ता खोदलाय, तिला वार उरलेला नाही. म्हणून मोठा यूपीएस आणला आणि तो बसवायचं अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. लाइट गेली की त्याने मुख्य कॉम्प्युटरला कळवायचं. बॅटरी निम्म्यावर आली की मुख्य कॉम्प्युटरने नेटवर्कच्या डबीतून बाकीच्या दोघांना निरोप द्यायचा, आणि सगळ्यांनी फाइली नीट ठेवून बंद व्हायचं. ही डबी गणपतीच्या फोटोखाली, तिथल्या विजेच्या दिव्याशेजारी असते. तीन दिवस डोकेफोड करून मी ते जमवलं, चारदा तपासलं आणि जाहीर केलं, की यापुढे चूक झालीच तर ती माणसाची.

मार्चमध्ये भर दुपारी लाइट गेली. चारला येऊन बघतो तर सहकारीबाईंची सूचीची फाइल उघडेना. कॉपी दर शनिवारी काढायची आमची पद्धत, आणि तो होता शुक्रवार. पाच दिवसांचं काम पाण्यात गेलं. त्यांच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मालकीणबाई गोडच बोलल्या: सेव्ह करायचं राहिलं असेल, वयोमानाप्रमाणे होतं असं, पण पुन्हा झालं तर सूच्यांचं काम बाहेर देऊ. सूच्या गेल्या तर सहकारीबाईंना ऑफिसात काम उरत नव्हतं, हे न कळायला आम्ही काही दुधखुळ्या नव्हतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, यूपीएस चोख आहे, मी स्वतः तपासलाय.

"मी सेव्ह केलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस त्यांनी माझ्याबरोबर चहा घेतला नाही. माझाही पारा चढला. माझ्या कामावर शंका म्हणजे काय! म्हटलं, लावूच सोक्षमोक्ष. बुधवारी सकाळी मालकीणबाईंना समोर बसवलं, तिन्ही कॉम्प्युटरवर कोऱ्या फाइली उघडल्या आणि ऑफिसचा मेन स्विचच पाडला.

पंखे थांबले. यूपीएस टीं टीं करायला लागला. त्याच्या पडद्यावर ऐंशी टक्के, मग सत्तर. सहकारीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. पन्नासला मुख्य कॉम्प्युटर शहाण्यासारखा बंद झाला. बाकीचे दोन ढिम्म. पंचेचाळीस. चाळीस. म्हणजे शुक्रवारी असंच झालं होतं तर: बॅटरी संपली, कॉम्प्युटर सूची करता करता धाडकन बंद पडला आणि फाइल बिघडली. त्यांनी सेव्ह केलं होतं आणि मी त्यांना खोटं पाडलं होतं.

मी डबीकडे धावले. तिचे हिरवे दिवे विझलेले. निरोप जाणार कुठून? आणि वर गणपतीपुढचा दिवा मात्र छान जळत होता. वायर चाचपली. दिव्याचा प्लग यूपीएसमध्ये आणि डबीचा भिंतीत, साध्या सॉकेटला.

"कोणत्या शहाण्याने केलं हे?" मी ओरडले.

"मी," सहकारीबाई म्हणाल्या. "फेब्रुवारीत. तुमचे मिस्टर आयसीयूत होते तेव्हा. लाइट सारखी जात होती. म्हटलं, ते घरी येईपर्यंत दिवा विझायला नको. मग राहूनच गेलं."

माझे मिस्टर कधीच बरे होऊन घरी आले होते आणि या क्षणी मंडईत वांगी निवडत होते. लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

मालकीणबाईंना मी सांगितलं, की डबीवर लक्ष ठेवणं माझं काम होतं, चूक माझी. गेलेले पाच दिवस मी टाइप करून देईन, यांनी फक्त तपासावं, आणि सूच्या बाहेर जाणार नाहीत. "गेल्यात का अजून?" असं म्हणून मालकीणबाई मेन स्विच चालू करायला उठल्या.

सहकारीबाईंनी दिव्याचा प्लग काढला, त्याजागी डबीचा लावला आणि दिवा भिंतीतल्या सॉकेटला. "असू दे आता," त्या म्हणाल्या. "आलेत ना ते घरी."

बॅटरी भरल्यावर साडेचारला पुन्हा मेन पाडला. पन्नासला निरोप गेला आणि तिन्ही कॉम्प्युटर बिनबोभाट बंद झाले. दिवा तर मेन पाडल्याबरोबरच विझला होता. त्याने काही होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी जिन्यात जाऊन मिस्टरांना फोन लावला आणि वांगी किडकी तर निघाली नाहीत ना, म्हणून विचारलं.