सातच्या भोंग्यानंतर

मुलांनो, आईने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं आहे, म्हणून मराठीतच लिहिते. गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने फोनवर सांगितलं की तिला कारखान्यात रात्रपाळीची प्रमुख केलं आहे. मग सहज विचारलं, "आजी, तू का नाही झालीस गिरणीची मॅनेजर?" मी "जमलं नाही" म्हणाले आणि विषय बदलला. ते उत्तर बरोबर नव्हतं. पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी नीट लिहून ठेवते.

आमची कागद गिरणी चंद्रपूरच्या बाहेर होती, बल्लारपूरच्या मोठ्या गिरणीच्या मानाने अगदी लहान. नव्वदच्या दशकात मला तिथे फिनिशिंग खात्याची प्रमुख केलं. मशीनवरून कापून आलेला कागद तपासणं आणि गठ्ठे बांधून पाठवणं हे आमचं काम. पानं चाळून भोकं पडलेली, सुरकुतलेली वेगळी काढायला बायका होत्या. खातं तिन्ही पाळ्यांत चाले, पण कायद्याने बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबता येत नसे. प्रमुखही त्यात आली. सातचा भोंगा वाजला की बायकांबरोबर मीही फाटकाबाहेर.

त्यानंतर खातं माझ्या असिस्टंटच्या हाती. माणूस वाईट नव्हता, पण ट्रक भरला नाही तर बोलणी त्याला बसत. आम्ही दिवसभर बाजूला काढलेला बाद माल सकाळी जागेवर नसे. विचारलं की तो खाली बघून म्हणे, "मॅडम, गाडी उभी होती."

तपासणाऱ्या बायकांची मुकादम मूल गावाकडची होती, तिखट जिभेची. एकदा म्हणाली, "बाई, तुमी फाटकाबाहेर गेल्या का आमी मारलेला माल उठून बसते, अन् गाडीत बसून नागपूरले जाते."

आमचं क्वार्टर गिरणीच्या भिंतीला लागून होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फिनिशिंगचे दिवे दिसत, ट्रक मागे घेतानाचा आवाज येई. पोळ्या लाटताना मला कळे की माझा बाद माल चढतो आहे. तुमचे आजोबा त्याच गिरणीत बॉयलरवर होते, रात्री दहाला कामावर जात. मी म्हणाले, "जाता जाता माझ्या खात्यात डोकावून या ना."

"माझं खातं वेगळं," ते म्हणाले. "नवरा बायकोची राखण करतो म्हणतील. ते चालेल तुला?"

नसतंच चाललं. दुसरी नोकरी शोधायची तर आसपास कोळशाच्या खाणी, आणि तिथेही बायकांना हाच नियम.

मग नागपूरच्या एका छापखान्यातून भोकं पडलेला कागद परत आला. पास केल्याच्या चिठ्ठीवर खातेप्रमुख म्हणून माझं नाव होतं. मोठ्या साहेबांनी चहा मागवला. "तुमचा दोष नाही. सातनंतर तुम्ही थांबू शकत नाही. ट्रेनिंग खात्यात जा, नव्या पोरांना शिकवा. पगार तोच, खुर्ची तीच." त्या खुर्चीसमोर ना कागद असणार होता, ना बायका. मी एक महिना मागून घेतला.

बाद कागद पुन्हा भिजवून लगदा करायला पल्पर नावाचा मोठा हौद असतो. बाद माल साठला की आठवड्यातून एकदा तिकडे जाई. मी तो रोज, सातच्या आत पाठवायला लागले. सहा वाजले की बायका हातगाड्या ढकलत पल्परकडे. पहिल्या दिवशी मुकादम काठावर उभी राहून बघत होती. "आता उठ म्हणा त्याले," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी असिस्टंट चिडलेला होता. "मॅडम, गाडी अर्धी गेली."

"आज पूर्ण भरा. मशीनवाल्यांना सांगा, चांगला कागद द्या."

त्यासाठी मशीनवाल्यांशी रोज भांडणं झाली. पण माल परत येणं थांबलं. साहेबांनी ट्रेनिंगचं नाव काढलं नाही. बाद माल त्याच पाळीत पल्परमध्ये गेला पाहिजे, असा तिन्ही पाळ्यांसाठी हुकूम निघाला.

काही वर्षांनी प्रॉडक्शन मॅनेजरची जागा रिकामी झाली. मी अर्ज दिला. साहेब म्हणाले, "रात्री दोनला मशीन बंद पडलं तर कोण येणार?" जागा माझ्या असिस्टंटला मिळाली. सही घ्यायला मी त्याच्या केबिनमध्ये जाऊ लागले. तो उठून उभा राहायचा, त्याने जास्तच अवघड व्हायचं. निवृत्त होईपर्यंत मी फिनिशिंगमध्येच होते आणि सातला घरी येत होते.

कायदा आता बदलला आहे म्हणतात. मुकादम वारली. हाताने कागद चाळणाऱ्या बायका गेल्या, ते काम यंत्र करतं. गिरणी चालू आहे. बाद माल अजूनही त्याच पाळीत पल्परमध्ये जातो.