भिंत अजून चिकटत होती

डॉक्टरीणबाईंनी प्रज्ञाच्या अंगातला स्वेटर काढला, कोपराजवळचा गुलाबी डाग पाहिला आणि स्वेटर नाकाशी धरला.

"घरी रंगकाम चाललंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग हे काय? थिनरचा वास येतोय."

प्रज्ञा, माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची होती. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून तीच म्हणाली, "शाळंत लागला. भिंत चिकटती."

डॉक्टर म्हणाल्या, "हा ब्रॉन्कोस्पाझम आहे. म्हणजे छातीतल्या श्वासाच्या नळ्या आवळल्यात. ऑइलपेंटमध्ये थिनर घालतात. रंग वाळताना तो हवेत उडतो. बंद खोलीत मुलं तेच ओढत बसतात, आणि लहान मुलांचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो."

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी एस.टी.त कंडक्टर होतो, कोल्हापूर-हुपरी मार्गावर. घर कळंब्याला. घराजवळच्याच बालवाडीत प्रज्ञा जायची. दिवाळीची सुट्टी संपता संपता बालवाडी चालवणाऱ्या संस्थेनं वर्ग रंगवून घेतला आणि लगेच शाळा भरवली. थंडी पडली होती, म्हणून खिडक्या बंद ठेवलेल्या.

पहिल्या दिवशी ती डोकं दुखतंय म्हणाली. मग डोळे लाल झाले. मग खोकला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हवा बदलल्याचं सांगून औषध दिलं. रविवारी तिला बरं वाटलं. सोमवारी पुन्हा शाळेत गेली आणि दुपारी तिला धड बोलता येईना, म्हणून तिला या मोठ्या दवाखान्यात आणलं. हे आज कुणी वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा. घरी बरं आणि एका खोलीत गेलं की त्रास, असं दिसलं, तर आधी त्या खोलीत जाऊन वास घ्या.

नेब्युलायझर लावला. यात पातळ औषधाची वाफ करून ती मास्कमधून छातीत सोडतात. त्या यंत्राची घरघर चालू होती. वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर मी आणि माझी बायको सुनंदा बसलो होतो. प्रज्ञाचे ओठ पुन्हा गुलाबी होतात का, ते दारातून बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, "आता जरा सैल झालंय." सुनंदानं डोळे पुसले आणि एकदम माझ्याकडं वळली.

"बाकीची पोरं अजून तिथंच बसल्यात. तुम्ही जावा."

मी तसाच बालवाडीत गेलो. दारातच नाकात झणका बसला. मुलं सतरंजीवर बसली होती, दोघं-तिघं खोकत होती. संस्थेचे अध्यक्ष नेमके तिथंच होते. मी सगळं सांगितलं.

"पावणं, नवा रंग हाय. वास यायचाच की," ते म्हणाले. "तुमची पोरगी मुळात नाजूक असंल. रंगाच्या वासानं कोण मरतंय व्हय?"

मला राग आला. डोळ्यांपुढं ती ओढली जाणारी कातडी येत होती.

तेवढ्यात वर्गाच्या शोभाबाई उठल्या. अंगानं किरकोळ, कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या. त्यांनी मुलांना सांगितलं, "चला, चपला घाला. आज आपली शाळा विहारात."

"बाई, मी सांगितलंय का?" अध्यक्ष म्हणाले.

"न्हाय, सायेब," बाई म्हणाल्या आणि मुलांचे हात धरून शेजारच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर गेल्या. रंगाचा वास जाईपर्यंत शाळा तिथंच भरली. पालकही बाईंच्या बाजूनं उभे राहिले.

प्रज्ञा घरी आली, पण पूर्ण बरी झाली नाही. दम्याचा कल तिच्यात आधीच असावा, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या वासानं तो उघड झाला. पुढची काही वर्षं दप्तरात इनहेलर असायचाच. मुलांची खोली रंगवायची तर मोठ्या सुट्टीच्या सुरुवातीला, पाण्यातला रंग वापरून, खिडक्या उघड्या ठेवून. भिंत वाळली एवढ्यावर जाऊ नका, वास पूर्ण गेला पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं हे मी दिसेल त्याला सांगतो.

जूनमध्ये शोभाबाईंना कामावर बोलावलं नाही. हे मला फार उशिरा, त्या हुपरीला जायला माझ्या गाडीत चढल्या तेव्हा कळलं. तिथं त्या बहिणीकडं चांदीचे पैंजण जोडायच्या कामाला जात होत्या. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, "प्रज्ञाचा दम कसा हाय?"

"बरा आहे. बाई, आमच्यापायी तुमची नोकरी गेली."

त्यांनी तिकिटाचे सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

"माझंबी डोकं फुटत होतं हो त्या खोलीत," त्या म्हणाल्या. "पण मी उठून भाईर जात होते. पोरांना इचारल्याबिगर उठता येत न्हाय."