टिटवीचं पान

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, छापील गोष्टींवर विश्वास नव्हता. ते मार्केट यार्डात एका अडत्याकडं गूळ पारखायच्या कामाला होते. वरून पिवळाधमक दिसणारा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आत काळा निघालेला त्यांनी किती वेळा पाहिला असेल, कुणास ठाऊक. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेले आणि आमच्या सरांनी पर्यावरणाच्या, निसर्गाच्या पुस्तकांची यादी दिली, तेव्हा ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, यादी देणाऱ्याचं आणि दुकानदाराचं साटंलोटं असणार. मी एकटीनं जायचं नाही, तेही येणार.

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. शिवाजी पेठेतल्या घरातून आम्ही चालतच दुकानात गेलो. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी पान वाचून मराठीत सांगायचं आणि घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, असं ठरलं. पारखायला त्यांनी टिटवी निवडली. पन्हाळ्याच्या रस्त्याला आमचं थोडं रान होतं आणि तिथल्या टिटव्या ते लहानपणापासून बघत आले होते. त्यांना ठाऊक आहे ते पुस्तकात बरोबर निघालं, तर बाकीचंही बरोबर असेल, असं त्यांचं म्हणणं.

यादीतल्या पहिल्या जाडजूड पुस्तकात टिटवी नव्हतीच. बर्फ होतं, लांडगे होते, परदेशातली तळी होती. आप्पांनी ते मागं सरकवलं. या आणि पुढच्या वर्षाच्या परीक्षेला मला तेच लागणार होतं, पण मी पुढचं पुस्तक काढलं. दुसऱ्या, मराठी गाइडात टिटवी झाडावर घरटं करते असं छापलं होतं. ते आप्पांनी स्वतः वाचलं आणि दुकानदाराकडं असं पाहिलं, की त्यानं आपणहून ते फळीवर परत ठेवलं.

तिसरं पक्ष्यांचं, इंग्रजी होतं. एकच प्रत होती. त्यातली चित्रं पाहूनच मला ते हवंसं झालं. टिटवीचं पान काढून मी सांगायला लागले. अंडी उघड्या जमिनीवर. नर-मादी आळीपाळीनं बसतात. आप्पा मान हलवत होते. पुढच्या वाक्याशी मी अडखळले आणि मग घाईनं सांगून टाकलं, की कडक उन्हाळ्यात टिटवी चोचीतून पाणी आणून अंड्यांवर घालते.

आप्पांची मान थांबली. ‘चोचीत पाणी किती मावणार? येईस्तवर वाळून जाईल की.’

‘पुस्तकात लिहिलंय, आप्पा.’

‘म्हणून तर इचारतोय.’

दुकानदार म्हणाला, ‘पावणं, मोठ्या माणसानं लिवलंय. घ्या की.’ हे तो बोलला नसता तर कदाचित बरं झालं असतं. आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो.

त्याच सुमाराला निपाणीहून माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मला वाटायला लागलं, आप्पांना टिटवीचं काही पडलेलं नाही. पुस्तकं नकोत, म्हणजे पुढचं शिक्षणच नको. मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. घरी कोण येतं, माजघरात आईशी ते काय बोलतात. एकदा त्यांच्या सदऱ्याचे खिसेही पाहिले. निपाणीचं पत्र नव्हतं. सरांची यादी होती, घड्यांवर फाटत आलेली. त्याचाही अर्थ मी वाकडाच लावला : ती परत करून ते कॉलेजातून माझं नाव काढून घेणार.

मग कॉलेजच्या ग्रंथालयात तेच पक्ष्यांचं पुस्तक सापडलं. घरी न्यायची परवानगी नव्हती. मी उभ्याउभ्या ते पान काढलं. त्या वाक्यात चोच कुठंच नव्हती. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते, असं होतं. दुकानात मला एक शब्द आला नव्हता, आणि अडल्याचं दिसू नये म्हणून मी चोच घुसडली होती. घरी येऊन मी हे कुणाला सांगितलं नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी आप्पा मला रानात घेऊन गेले. ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या तुकड्यात त्यांनी टिटवीची अंडी हेरून ठेवली होती. भर दुपारी आम्ही बाभळीखाली बसलो. पक्षी उठला, पाटापर्यंत गेला, पोट बुडेल असा पाण्यात बसला आणि परत येऊन अंड्यांवर टेकला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो पाटाकडं गेला तेव्हा आप्पा वाकून अंडी बघून आले.

‘वली हाईत,’ ते म्हणाले. ‘पण चोचीतनं न्हाय, पोटाच्या पिसांतनं आणतीया. पुस्तकवाल्यानं नीट बघितलं न्हाय.’

‘त्यानं नीट बघितलंय. मीच तुम्हाला चुकीचं सांगितलं.’

सगळं सांगून झाल्यावर मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत राहिले. पण त्यांनी विचारलं, पहिल्या जाड पुस्तकात मी पदरचं काय काय घातलं होतं. काही नाही, म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मग मीही निपाणीचं विचारून टाकलं.

‘त्यास्नी मी तवाच न्हाय म्हणून कळवलंय. एम.एस्सी. झाल्याबगर कसलं लगीन?’

दुकानातली प्रत तोवर विकली गेली होती. दुसरी पुण्याहून मागवली, ती आषाढात आली. गल्ल्यापाशी उभं राहून आप्पांनी ते पान माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं, दुकानदाराची डिक्शनरी शेजारी ठेवून. मग मधलंच एक पान उघडलं. पावसाळ्यात डोंगरातल्या ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारं निळंकाळं पाखरू होतं. ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दोनदा ऐकून घेतलं आणि पुस्तक बांधायला दिलं. जाडजूडही घेतलं, न तपासता.

पुढच्या रविवारी ते पाखरू शोधायला आम्ही एस.टी.नं पन्हाळ्याला गेलो. धुकं इतकं, की तटाखालचं काही दिसत नव्हतं. पहाटेपासून भिजत उभं राहिल्यावर खालच्या झाडीतून शीळ आली, लांब, जरा भरकटलेली. मी आप्पांचा हात धरला.

‘माणूस असंल कुणीतरी,’ ते म्हणाले.

आम्ही तिथंच थांबलो. शीळ दोनदा पुन्हा आली. खालून कुणी माणूस वर आला नाही, आणि पाखरूही दिसलं नाही.